अंगठ्याचं औषध

डॉक्टर नाकासोने महिन्याला तीस गोळ्या लिहून देत,
बाबा त्यातल्या अठरा गिळत.
उरलेल्या बारा
उसाच्या मळ्यात एकतीस वर्षं पेरं मोजलेल्या माणसाच्या
चिवट हिशेबाने
सोया सॉसच्या रिकाम्या बाटलीत साठत.

हिलोचा पाऊस पाहुणा नव्हे, घरातलाच.
शेडच्या जाळीतून तो गाळून येई,
आणि खाली फळीवर बाटल्या,
बाटल्यांत मोहरीएवढे हिरवे मणी,
डेन्ड्रोबियमची पोरं,
पान अजून फुटायचं होतं.

बाबा गोळ्या कुटत,
उकळून निववलेल्या पाण्यात विरघळवत,
फडक्यातून दोनदा गाळत,
मणी त्यात तीन दिवस, तीन रात्री बुडवून ठेवत.
अंगठा सुजून टोमॅटो झालेला.
पाय बादलीत, बादलीत बर्फ.
"बाबा, गोळी घ्या."
"त्यांना जास्त गरज आहे."

एकदा विचारलं, तर म्हणाले,
पेशी दोन व्हायला निघाली की आत वाटणी सुरू होते.
अडतीस धाग्यांची अडतीस जुळी होतात,
दोर बांधले जातात, हे इकडचे, ते तिकडचे,
मग मधे भिंत.
औषध फक्त दोर ओढणाऱ्यांना झोपवतं.
माल दुप्पट झालेला, हिस्से ठरलेले,
पण भिंत घालायला कुणी उठतच नाही.
शहात्तर धागे मग एकाच घरात नांदतात.

सांगताना ते कपाटाकडे बघत नव्हते.
कपाटावर सान्शिनची लाकडी पेटी होती, रिकामी.
सेइजुनकाका ओकिनावाहून निघाले ते पेरूच्या जहाजात चढले,
तीन तारांचं वाद्य त्यांच्याकडे गेलं,
पेटी आमच्याकडे.
असं का वाटलं, ते कुणालाच आठवत नाही.

शंभरातले ऐंशी मणी काळे पडले.
जगले ते बुटके, थोराड, जाड पानांचे,
वर्षाला बोटभरही वाढेनात.
एक दिवस माझं नेलपॉलिश गेलं.
"गुलाबी कामाचं नाही, बिनरंगी आण," बाबाच वर.
पानाच्या पाठीवर लेप, वाळला की साल,
साल सूक्ष्मदर्शकाखाली:
पान ज्या तोंडांनी श्वास घेतं ती मोठी दिसली
तर जमलं.
अकरा रोपांची तोंडं मोठी होती.
त्या रात्री बाबांनी जेवताना एकदाही मिठाला नाव ठेवलं नाही.

चौथ्या वर्षी फूल आलं.
पाकळी पाकळीवर चढलेली, मेणाची वाटावी इतकी दाट.
बाबांनी त्याला कुंपणावरच्या साध्या, किडकिडीत जातीशी जुळवलं
आणि त्या लग्नातून जे आलं
त्याला फूलमंडळात श्रीमती काहेले यांनी निळी फीत बांधली,
दोनदा चश्मा पुसून.

त्याच झाडाची शेंग मात्र पिवळी होऊन फुटली तेव्हा
आत नुसतं फोल.
सत्तावन्न धागे.
नाचाला उभे राहिले की
एकोणीस जणांना हात धरायला कुणी नाही.
बाबांनी तळहातावरच्या भुश्यावर फुंकर मारली
आणि विडी पेटवली, जी त्यांनी सोडली होती.

पण पुढच्या हिवाळ्यात त्याच काडीच्या पेराला
मुळं सुटलेलं एक पिल्लू फुटलं,
इथले लोक त्याला केइकी म्हणतात, म्हणजे लेकरू.
बाबांनी ते ओल्या शेवाळात गुंडाळलं,
पेटीत ठेवलं, वर लिमाचा पत्ता लिहिला.

"सजीव वस्तू जात नाहीत," पोस्टातली बाई म्हणाली.
त्यांनी वाद घातला नाही.
लंगडत पेटी परत आणली,
केइकी शेडमधे टांगली,
पेटी पुन्हा कपाटावर.
मग सोया सॉसच्या बाटलीतून
एक गोळी काढून गिळली,
आणि बाटली कानाशी धरून हलवली,
किती उरल्यात ते ऐकायला.